ट्रॅक्टरचा फ्रंट लोडर चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टरची घडण ओढकामासाठी झाली आहे. मागे नांगर असो की ट्रॉली, जोर मागच्या मोठ्या चाकांवर येतो आणि ती चाकं जमिनीला घट्ट धरून राहतात. पुढे लोडर, म्हणजे दोन लांब हातांवर बसवलेली आणि हायड्रोलिक (तेलाच्या) दाबाने उचलली जाणारी बकेट, बसवला की हा सगळा हिशेब उलटतो. ओझं पुढे जातं, लांब हातावर जातं आणि वर उचललं जातं. लोडरच्या कामात होणारे अपघात, मोडतोड आणि वाया जाणारा वेळ यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. म्हणून खालच्या उत्तरांत वजन कुठे आहे हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

लोडर लावल्यावर ट्रॅक्टरच्या तोलात नेमका काय फरक पडतो?

आकड्यांत पाहू. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं (चाकांच्या आसांमधलं) अंतर २ मीटर आहे. बकेटमध्ये ५०० किलो माल आहे आणि त्याचा मध्य पुढच्या एक्सलच्या १.५ मीटर पुढे आहे. पुढच्या एक्सलवर ५०० किलोच वाढले असं वाटतं, पण प्रत्यक्षात ८७५ किलो वाढतात. जास्तीचे ३७५ किलो मागच्या एक्सलवरून उचलले जाऊन पुढे येतात. म्हणजे ज्या चाकांवर तुमची पकड आणि ब्रेक अवलंबून आहेत, तीच हलकी होतात. हलक्या ट्रॅक्टरची मागची चाकं अशा वेळी जमीन सोडायच्या बेतात असतात आणि सीटवर बसलेल्याला ते खड्डा येईपर्यंत कळतही नाही.

मग मागे वजन लावायलाच हवं का? टायरमध्ये पाणी भरलं तर भागेल का?

वजन लावायलाच हवं. याला पर्याय नाही. मात्र ते कुठे लावता यावर बराच फरक पडतो.

टायरमध्ये साधारण ७५ टक्क्यांपर्यंत पाणी भरणं किंवा चाकांना लोखंडी वजनं लावणं चांगलंच. त्याने मागचा भाग जड होतो आणि वजन खाली राहतं. पण ते वजन एक्सलच्या बरोबर वर-खाली असतं, त्यामुळे पुढच्या एक्सलवरचा भार एक किलोनेही कमी होत नाही. थ्री-पॉइंट लिंकेजला (अवजार जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) लावलेली वजनाची पेटी किंवा एखादं जड अवजार मागच्या एक्सलच्याही मागे लटकतं, म्हणून तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं काम करतं. वरच्याच उदाहरणात मागच्या एक्सलपासून १ मीटर मागे ४०० किलो लावले, तर मागच्या एक्सलवर ६०० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे २०० किलो कमी होतात. एकूण हिशेबात पुढचा भार ८७५ ऐवजी ६७५ किलोने वाढतो आणि मागची चाकं हलकी होण्याऐवजी २२५ किलोने जड होतात. पुढच्या एक्सलचे बेअरिंग, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि स्टिअरिंग यांचं आयुष्य या २०० किलोंवर ठरतं.

शक्य असेल तर दोन्ही करा. नेमकं किती वजन लावायचं हे लोडरच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, तोच आकडा धरा. मागे रोटाव्हेटरसारखं अवजार वजन म्हणून लावलं असेल तर पीटीओ (इंजिनच्या ताकदीने अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद ठेवा आणि वळताना मागे किती जागा लागते ते ध्यानात असू द्या.

बकेट किती भरावी? काठोकाठ भरली तर चालते ना?

ते मालावर ठरतं. बकेटचं माप घनमीटरमध्ये असतं आणि लोडरची ताकद किलोमध्ये. घोळ इथेच होतो. ०.४ घनमीटरची बकेट कुजलेल्या शेणखताने भरली तर साधारण २५० किलोच्या आसपास वजन होतं. तीच कोरड्या सुट्या मातीने भरली तर ५०० किलोच्या जवळ जातं, खडीने ६०० च्या पुढे आणि ओल्या वाळूने ७५० च्याही वर. बकेट एकच, भरलेली दिसतेही सारखीच, पण वजन तिप्पट. पाऊस पडून गेल्यावर कालचाच ढीग आज जास्त जड असतो हेही लक्षात घ्या.

उचलण्याच्या क्षमतेचा आकडा वाचताना तो कुठे मोजला आहे ते पाहा. पुष्कळदा तो बकेटच्या पिनपाशी, म्हणजे बकेट हातांना जोडलेली असते तिथे, मोजलेला असतो. माल मात्र पिनच्या बराच पुढे असतो, त्यामुळे हातात येणारी क्षमता त्याहून कमी असते आणि पूर्ण उंचीवर ती आणखी घटते. शिवाय त्या आकड्यात बकेटचं किंवा तिच्याऐवजी लावलेल्या फोर्कचं (काट्यांचं) वजन धरलं आहे का, हेही तपासा.

भरलेली बकेट नेताना किती उंच ठेवायची?

जमिनीवरच्या उंचवट्यांना लागणार नाही एवढीच. सपाट जागेत ३० ते ४५ सेंटिमीटर पुरतात. समोरचं दिसत नाही म्हणून बकेट वर घेणारे बरेच जण असतात. दिसत नसेल तर कमी भरा, हळू चालवा, नाहीतर उतरून रस्ता पाहून या.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर झुलता बसवलेला असतो, म्हणजे खड्ड्यात एक चाक खाली गेलं तरी ट्रॅक्टरचं धड सरळ राहतं. पण याचा दुसरा अर्थ असा की ट्रॅक्टर चार पायांवर उभा नसून तीन बिंदूंवर तोललेला असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. हा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. लोडरचं ओझं त्याच्या अरुंद टोकाकडे पडतं. ओझं वर असेल तर थोड्याशा कलण्यानेही त्याचा भार त्रिकोणाबाहेर जातो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. लोडरसह आडवे होणारे ट्रॅक्टर बहुधा चढावर नव्हे, तर उचललेली बकेट घेऊन वळताना किंवा एक मागचं चाक दगडावर चढल्यावर आडवे होतात.

तोल जातोय असं वाटलं तर?

बकेट लगेच खाली टेकवा. बाकी सगळं नंतर. उतारावर असाल तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने फिरवा. बकेट खाली आणताना लिव्हर मध्येच झटक्याने सोडू नका, कारण खाली येणारं ओझं अचानक अडवलं की त्याचा दणका मूळ वजनाच्या कितीतरी जास्त बसतो. ट्रॅक्टरमधून उडी मारायचा मोह आवरा. पट्टा बांधून रोल बारच्या (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी कमानीच्या) आत बसलेला माणूस उडी मारणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो.

उतारावर भरलेली बकेट घेऊन कसं जायचं?

ओझं नेहमी चढाच्या बाजूला ठेवा. म्हणजे भरलेल्या बकेटने चढताना पुढे तोंड करून चढा आणि उतरताना रिव्हर्समध्ये उतरा. पुढे तोंड करून उतरलात तर आधीच हलकी झालेली मागची चाकं आणखी हलकी होतात. गिअर उताराच्या माथ्यावर असतानाच ठरवा, खालचा घ्या आणि उतारावर क्लच दाबू नका. उताराला आडवं जाणं टाळा. वळावंच लागलं तर सपाट जागेवर येऊन वळा.

ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत गेला. ब्रेक खराब आहेत का?

असतीलही, पण आधी मागचं वजन पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ती चाकं जमिनीवर नीट दाबलेली नसतील तर ब्रेक चाक थांबवतात, ट्रॅक्टर थांबवत नाहीत. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लोडरच्या कामात, विशेषतः उतारावर, ती चालू ठेवा. मग पुढची चाकंही इंजिनाशी जोडलेली असल्याने रोखली जातात आणि तिथे तर भरपूर वजन असतं. डावा-उजवा ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेले आहेत ना, तेही पाहा. शेतातून थेट लोडरच्या कामाला आलेल्या ट्रॅक्टरचे पेडल सुटे राहून गेलेले असतात. घाईत एकच दाबला गेला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

ढिगातून बकेट भरायची योग्य रीत कोणती?

ढिगाला सरळ, काटकोनात भिडा. बकेटचा तळ जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेला ठेवा. गिअर खालचा, वेग चालत्या माणसाएवढा. पातं मालात शिरलं की पुढचा रेटा चालू ठेवतच बकेट थोडी मागे वळवा, थोडी उचला, पुन्हा थोडी वळवा. हाताला सवय झाली की या तीन हालचाली एकात मिसळतात आणि बकेट एका दमात भरते.

दुरून वेगात येऊन धडक मारणं ही नव्या चालकांची सर्रास चूक. त्याने बकेट जास्त भरत नाही. पिना आणि बुश (पिनांभोवतीची नळकांडी) ढिले होतात, लोडरच्या फ्रेमचे बोल्ट सैल होतात आणि वेल्डिंगला चीर जाते. चाकं जागेवर फिरायला लागली तर आणखी रेस देऊन उपयोग नाही. बकेट किंचित उचला किंवा मागे वळवा, तेवढ्याने पुढच्या चाकांवर वजन येतं आणि पकड मिळते. कोपऱ्याने उकरू नका, कारण एकाच कोपऱ्यावर आलेला जोर दोन्ही हातांत पीळ भरतो.

आणखी एक. ढीग तळातून पोखरत गेलात तर वरचा भाग कड्यासारखा लटकतो आणि कधीतरी एकदम कोसळतो. मधून मधून वरचा माल पाडून घेत चला.

ट्रॉली भरताना वेळ कसा वाचवायचा?

वेळ वेगाने वाचत नाही, अंतर कमी करून वाचतो. ट्रॉली ढिगाच्या तोंडाशी साधारण ४५ अंशांत, जवळ उभी करा. बकेट भरली की थोडं मागे या, वळा, पुढे जाऊन रिकामी करा, त्याच वाटेने परत. वाटेचा आकार 'व्ही' अक्षरासारखा होतो. एका बाजूचे चार मीटर वाचले तरी पन्नास फेऱ्यांत जाऊन-येऊन चारशे मीटर होतात आणि तेवढंच डिझेल व टायर वाचतात.

या वाटेवरची जमीन आधी दहा मिनिटं घालवून सपाट करून घ्या. ही दहा मिनिटं बरेच जण वाचवतात आणि नंतर दिवसभर हादरे खातात. सांडलेला मालही मधून मधून ओढून घ्या, कारण ट्रॉलीपाशी बकेट वर असते आणि तिथेच चाकाखाली ढेकूळ येणं सगळ्यांत वाईट.

बकेट वर घ्यायची ती ट्रॉलीजवळ पोचताना, प्रवासभर नाही. रिकामी करताना वारा पाठीमागून येईल अशी रचना असेल तर धूळ तुमच्या तोंडावर येत नाही. ओतणं सावकाश करा. ओतून झालं की आधी सरळ मागे या, मग बकेट खाली करा, मग वळा.

इंजिनच्या फेऱ्या किती ठेवाव्यात?

बहुतेक ट्रॅक्टरांत १५०० ते २००० च्या दरम्यान काम होतं. पंपाचं तेल इंजिनच्या वेगाने मिळतं, म्हणून अगदी कमी फेऱ्यांवर लोडर रेंगाळतो. उचलण्याची ताकद मात्र रेस दिल्याने वाढत नाही. ती दाबावर ठरते आणि दाब रिलीफ व्हॉल्व्हने (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेने) बांधलेला असतो. माल उचलत नसेल आणि पंप किंचाळत असेल तर लिव्हर सोडा. धरून ठेवलीत तर तेल फक्त तापत राहतं.

फ्लोट म्हणजे काय आणि ते कधी वापरायचं?

फ्लोटमध्ये उचलणाऱ्या सिलिंडरमधलं तेल दोन्ही बाजूंना मोकळं फिरतं. बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीवर टेकते आणि उंचसखल भागावरून वर-खाली होत जाते. पसरलेला माल गोळा करताना किंवा पृष्ठभागाला धक्का न लावता साफ करताना ते फार उपयोगी. बकेट वर असताना मात्र लिव्हर चुकूनही फ्लोटमध्ये ढकलू नका. लोडर सरळ खाली कोसळेल. नव्या माणसाला जॉयस्टिक (लोडरची लिव्हर) देताना 'खाली' आणि 'फ्लोट' यांच्यामधला तो खटका रिकाम्या बकेटने, जमिनीलगत, हाताला दाखवून द्या.

लोडरने खड्डा खणता येईल का?

सुटी किंवा आधी नांगरलेली माती काढता येईल. कडक जमीन, मुळं किंवा रुतलेले दगड यांसाठी लोडर बनलेला नाही. ते खोदणाऱ्या यंत्राचं काम आहे. सपाट जमिनीत शिरायचंच असेल तर बकेट थोडी खाली झुकवून पातळ थर काढा.

बकेट उलटी टेकवून मागे ओढत सपाटीकरण करतो. त्यात काही बिघडतं का?

हलक्या हाताने केलं तर नाही. बकेट पूर्ण उलटी करून तिच्या पात्यावर पुढची चाकं उचलली जातील एवढा जोर दिला तर बिघडतं. त्या स्थितीत बकेट वळवणाऱ्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर आलेले असतात आणि रुतलेल्या दगडाला पातं अडलं की दांडा वाकतो. बकेट थोडीच झुकवा, फ्लोट लावा आणि सावकाश मागे या.

लोडर वर नेताना माल चालकाच्या अंगावर का येतो?

हात वर जातात तशी बकेटही त्यांच्यासोबत मागे कलत जाते. आपोआप समतल राखणारी जोडणी नसेल तर वर नेता नेता जॉयस्टिकने बकेट पुढे झुकवत राहावं लागतं. मातीसाठी हे त्रासाचं, पण चाऱ्याच्या गोल गाठी किंवा ओंडके यांच्या बाबतीत जीवघेणं आहे. काहीशे किलोची गाठ हातांवरून घरंगळत थेट सीटवर येते. गोल गाठी बकेटमध्ये तोलून उचलू नका. त्यासाठी भाल्यासारखे काटे किंवा पकड असलेलं अवजार वापरा आणि गाठ खालीच ठेवून न्या. रोल बार उलटण्यापासून वाचवतो. वरून पडणाऱ्या ओझ्यापासून वाचवायला वेगळं मजबूत छत लागतं.

सीट बेल्ट नेहमी बांधायचा?

रोल बार उभा असेल तर नेहमी. रोल बार नसेल किंवा दुमडलेला असेल तर बेल्ट बांधू नये, कारण मग तुम्ही उलटणाऱ्या ट्रॅक्टरला बांधले जाता. पण अशा ट्रॅक्टरवर लोडर चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बकेटमध्ये उभं राहून उंचावरचं काम करता येईल? मडगार्डवर कोणी बसलं तर?

नाही. दोन्हींना नाही. एक होज (तेलाची नळी) फुटला किंवा एक लिव्हर चुकली की बकेटमधला माणूस खाली येतो. मडगार्डवरचा माणूस एका हादऱ्यात मागच्या चाकाखाली जातो. काम चालू असताना कोणीही, विशेषतः मुलं, लोडरच्या आसपास नकोत. भरलेल्या बकेटपुढचा बराच भाग चालकाला दिसत नाही. मूल दिसेनासं झालं तर ते सापडेपर्यंत ट्रॅक्टर हलवू नका.

वरून विजेच्या तारा गेल्या असतील तर?

काम सुरू करण्याआधी वर पाहा. पूर्ण उचललेल्या लोडरची उंची तुम्हाला पाठ असली पाहिजे. तारेपासून किमान ३ मीटर लांब राहा, उच्च दाबाच्या तारांपासून त्याहून जास्त. तारेला स्पर्श झालाच तर सीटवरच बसून राहा, इतरांना ओरडून दूर ठेवा आणि वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरू नका. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी, दोन्ही पाय जोडून उडी मारा. मग पाय जमिनीवरून न उचलता, जवळ जवळ ठेवून सरकत दूर जा. लांब पावलं टाकली तर जमिनीतला प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जाऊ शकतो.

होजमधून तेलाची बारीक फवार दिसते. हाताने चाचपून पाहू का?

कधीच नाही. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २०० किलो असू शकतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल त्वचेत घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि म्हणूनच माणूस घरी जाऊन झोपतो. आतमध्ये तेल ऊती मारत जातं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. तेल घुसल्याची शंका जरी आली तरी तडक रुग्णालय गाठा आणि 'दाबाचं हायड्रोलिक तेल आत गेलं आहे' हेच शब्द डॉक्टरांना सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. दुरुस्तीआधी लोडर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि जॉयस्टिक सगळीकडे फिरवून उरलेला दाब काढून टाका.

उचललेल्या लोडरखाली जाऊन काम करावं लागलं तर?

सिलिंडरवर बसणारा लोखंडी लॉक लावल्याशिवाय खाली जाऊ नका. हायड्रोलिकवर उभी असलेली कोणतीही गोष्ट तात्पुरतीच उभी असते. विटांची किंवा लाकडाच्या तुकड्यांची चळत हा आधार नव्हे.

रोज काय काय तपासायचं?

पिना-बुशांना ग्रीस, बहुतेक लोडरांत दर १० तासांनी. फ्रेमचे बोल्ट, खास करून नव्या लोडरचे पहिल्या काही तासांतच पुन्हा आवळा. पुढच्या टायरमधली हवा लोडरच्या कामासाठी पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्याएवढी हवी, कारण मऊ टायर भरलेल्या बकेटखाली एका बाजूला बसतो आणि ट्रॅक्टर तिकडे झुकतो. हायड्रोलिक तेलाची पातळी लोडर खाली टेकवूनच पाहा. बकेट झटपट बदलणारी जोडणी असेल तर नुसता खटका ऐकून समाधान मानू नका. बकेटचं टोक जमिनीवर दाबून पाहा आणि लॉकच्या पिना आरपार गेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा.

काम थांबवताना काय करायचं?

दोन मिनिटांसाठी उतरायचं असलं तरी हेच: बकेट जमिनीवर सपाट टेकवा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, दाब काढा, किल्ली खिशात. लोडर ट्रॅक्टरवरून काढून ठेवायचा असेल तर कडक, सपाट जागा निवडा आणि बकेट लावलेलीच ठेवा, कारण बहुतेक लोडर तिच्यावर आणि त्यांच्या स्टँडवर तोलून उभे राहतात. होज सोडण्याआधी दाब नक्की काढा. उन्हात तापलेल्या तेलाचा दाब वाढतो आणि पुढच्या वेळी होजचं कपलिंग (जोड) जोडता जोडत नाही.